उडत्या तबकड्या आणि शासकीय मौन : अमेरिकन लोकमताचा एक इतिहास

इ. स. १९४७ च्या ऑगस्ट महिन्यात गॅलप या लोकमत-पाहणी करणाऱ्या संस्थेने अमेरिकन नागरिकांना विचारले, की ज्या उडत्या तबकड्यांविषयी वर्तमानपत्रांत सध्या लिहून येत आहे, त्या नेमक्या काय असाव्यात? तबकड्यांची वार्ता तेव्हा जेमतेम सात-आठ आठवड्यांची होती. तरीही दहांपैकी नऊ जणांच्या कानांवर ती गेलेली होती. मिळालेल्या उत्तरांची वर्गवारी आजच्या वाचकास काहीशी चकित करील. सुमारे २९ टक्के लोकांच्या मते तो दृष्टिभ्रम अथवा कल्पनेचा खेळ होता. १० टक्क्यांच्या मते ती निव्वळ बनवाबनवी होती. १५ टक्क्यांच्या मते ते अमेरिकेचेच एखादे गुप्त अस्त्र होते, तर अवघ्या १ टक्का लोकांना ते रशियाचे वाटले. सुमारे एक तृतीयांश लोकांनी काहीच सांगितले नाही. परग्रहावरील पाहुण्यांचा स्वतंत्र वर्ग त्या कोष्टकात आढळत नाही.

या कोष्टकातील सर्वांत अर्थपूर्ण आकडा १५ टक्क्यांचा होय. युद्ध संपून तेव्हा दोनच वर्षे लोटली होती. अणुबॉम्बनिर्मितीसारखे प्रचंड कार्य आपल्याच भूमीवर, आपल्याच पैशाने आणि आपल्या नकळत चालू होते, हे अमेरिकन नागरिकास १९४५ च्या ऑगस्टात कळून चुकले होते. तेव्हा आकाशात काही अपरिचित दिसले, तर ते सरकारचेच असावे व सरकार ते लपवीत असावे, हा तर्क वेडगळपणाचा म्हणता येत नाही. तो अनुभवाने शिकविलेला तर्क होता. 'ती वस्तू काय आहे?' आणि 'ती काय आहे हे सरकारला ठाऊक आहे काय?' हे दोन प्रश्न या विषयात आरंभापासून एकमेकांत गुंतलेले आहेत खरे. तथापि ते एक नव्हेत, आणि लोकमताच्या इतिहासात त्यांच्या वाटाही वेगळ्या झालेल्या दिसतात.

गॅलप संस्थेनेच १९९६ साली विचारले असता ७१ टक्के लोकांनी, सरकार सांगते त्याहून त्यास अधिक ठाऊक आहे, असे उत्तर दिले. २०१९ साली हेच प्रमाण ६८ टक्के होते. मात्र त्याच २०१९ सालच्या पाहणीत, दिसलेल्या वस्तूंपैकी काही तरी परग्रहावरील याने असावीत, असे मानणारे केवळ ३३ टक्के निघाले. साधे वजाबाकीचे गणित केले, तरी किमान ३५ टक्के लोक असे होते, की ज्यांचा परग्रहावरील यानांवर भरवसा नव्हता, पण सरकारवरही नव्हता. तबकड्यांविषयीचे लोकमत म्हणजे भोळसट समजुतींचा साठा, असे मानून जे विद्वान या विषयाकडे पाठ फिरवितात, त्यांच्या नजरेतून नेमका हा वर्ग सुटतो. या वर्गाचा अविश्वास कोठून आला, हे पाहावयाचे तर आकाशाकडे न पाहता शासनाच्या निवेदनांकडे, त्यांतील वाक्यांकडे व वाक्यांमधील गाळलेल्या जागांकडे पाहावयास हवे.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट ठरेल. २४ जून १९४७ रोजी केनेथ आर्नल्ड हा हौशी वैमानिक वॉशिंग्टन राज्यातील माउंट रेनियर पर्वताच्या परिसरात आपले विमान चालवीत असता त्यास नऊ चकाकणाऱ्या वस्तू अतिवेगाने जाताना दिसल्या. पाण्यावरून बशी भिरकावली असता ती जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे त्याने बातमीदारांना सांगितले. उपमा गतीची होती; वृत्तपत्रांनी ती आकारास लावली, आणि 'फ्लाइंग सॉसर' हा शब्द दोन-तीन दिवसांत देशभर झाला. म्हणजे चालण्याची रीत सांगणारे एक वर्णन पाहता पाहता वस्तूचे नाम होऊन बसले, व त्यानंतर लोकांना आकाशात बशीच्याच आकाराच्या वस्तू दिसू लागल्या! मराठीने 'उडती तबकडी' हा शब्द घडविला, तेव्हा तर बशीही गेली आणि भिरकावणेही गेले. पाण्यावर ठिकरी फेकण्याच्या खेळाची आठवण त्या शब्दात मुळीच उरली नाही. उरला तो केवळ वाटोळा, चपटा आकार.

हवाई दलास हा शब्द अडचणीचा वाटला, यात नवल नाही. १९५२ साली 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने नव्याने सुरू झालेल्या चौकशी-विभागाचा प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट याने 'अनआयडेन्टिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट' हा शब्दप्रयोग रूढ केला. (त्यापूर्वीच्या विभागाचे नाव 'ग्रज' होते, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ आकस असा होतो. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे. पण त्या विभागाच्या कार्यपद्धतीस ते शोभून दिसले.) नवा शब्द मराठीत नेमकेपणाने उतरवावयाचा तर 'ओळख न पटलेली उडती वस्तू' असाच उतरवावा लागेल. 'अज्ञात वस्तू' म्हटल्याने अर्थ बिघडतो, कारण अज्ञातपणा वस्तूच्या अंगी असल्यासारखा वाटतो. 'ओळख न पटलेली' म्हणताच मात्र, ओळख कोणास पटलेली नाही, असा प्रश्न उभा राहतो. पाहणाऱ्यास? चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास? की सरकारातील कोणासच नाही? हा कर्ता त्या शब्दप्रयोगात कोठेच सांगितलेला नाही. हवाई दलाच्या दृष्टीने तो चौकशीच्या एका अवस्थेचा निर्देश होता. लोकांच्या तोंडी मात्र त्याची 'यूएफओ' ही आद्याक्षरे एका वस्तुजातीचे नाव बनली, आणि 'तुमचा यूएफओंवर विश्वास आहे काय?' असे व्याकरणाला धरून, पण अर्थाला सोडून असलेले प्रश्न विचारले जाऊ लागले. ज्याची ओळखच पटलेली नाही, त्यावर विश्वास ठेवावयाचा म्हणजे काय करावयाचे?

लोकमत-पाहण्यांच्या प्रश्नांतही हीच संदिग्धता शिरली. या वस्तू खरोखरीच्या काही तरी आहेत की केवळ लोकांच्या कल्पना आहेत, असा प्रश्न गॅलप संस्था पुढे वारंवार विचारीत असे. 'खऱ्या' म्हणणारे १९६६ साली ४६ टक्के, १९७३ साली ५१ टक्के आणि १९७८ साली ५७ टक्के होते. हे आकडे पुष्कळदा परग्रहवासीयांवरील वाढत्या श्रद्धेचा पुरावा म्हणून उद्धृत केले जातात, आणि ते चुकीचे आहे. हेरगिरी करणारे विमान हेही 'खरोखरीचे काही तरी'च असते.

१९५२ च्या जुलै महिन्यात लागोपाठच्या दोन शनिवारी रात्री खुद्द राजधानी वॉशिंग्टन येथील विमानतळाच्या रडारवर अनोळखी ठिपके उमटले, विमानांतूनही दिवे दिसल्याचे सांगण्यात आले, आणि लढाऊ विमाने पाठवावी लागली. २९ जुलै रोजी मेजर जनरल जॉन सॅम्फर्ड यांनी वार्ताहर-परिषद घेतली. हवेतील उष्ण व थंड थरांच्या उलथापालथीमुळे रडारवर असे ठिपके उमटणे संभवते, असा तिचा सारांश वृत्तपत्रांनी छापला. वस्तुतः सॅम्फर्ड बऱ्याच सावधपणे बोलले होते. विश्वासार्ह माणसांनी अविश्वसनीय वाटणाऱ्या गोष्टी पाहिल्याच्या काही वार्ता शिल्लक राहतात, हेही त्यांनी मान्य केले होते. परंतु मथळ्यात मावण्याजोगे ते वाक्य नव्हते.

यापुढील पाऊल या साऱ्या इतिहासास वळण देणारे ठरले. १९५३ च्या जानेवारीत मध्यवर्ती गुप्तवार्ता संस्थेने (सीआयए) कॅलिफोर्नियातील पदार्थवैज्ञानिक एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची एक समिती चार दिवस बसविली. लुइस अल्वारेझ यांच्यासारखा पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारा शास्त्रज्ञ तीत होता. या वस्तूंपासून राष्ट्रास प्रत्यक्ष धोका नाही, असा समितीचा निर्णय झाला. धोका आहे तो वार्तांचा: आणीबाणीच्या वेळी अशा वार्तांच्या पुराने संदेशवहनाची यंत्रणा तुंबेल व शत्रू त्याचा लाभ उठवील. म्हणून या विषयाभोवतीचे गूढतेचे वलय काढून टाकावे, त्यासाठी लोकशिक्षणाची मोहीम हाती घ्यावी, चित्रपट व दूरचित्रवाणी यांचे साहाय्य घ्यावे, आणि तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या खासगी मंडळांवर नजर ठेवावी, अशा शिफारशी समितीने केल्या. त्या काळातील शीतयुद्धाची भीती ध्यानात घेता हा विचार अगदीच अडाणी नव्हता. तथापि गूढतेचे वलय काढून टाकण्याचा निर्णय गुप्त बैठकीत घ्यावयाचा आणि तो घेणाऱ्या संस्थेचे नावही वर्षानुवर्षे लपवून ठेवावयाचे, यातील विसंगती समितीच्या किंवा ती बसविणाऱ्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही. हे कागद पुढे उघड झाले, तेव्हा त्यांनी जितका संशय जन्मास घातला, तितका एखाद्या तबकडीनेही घातला नसता.

त्याच सुमारास हवाई दलाने 'नियम २००-२' म्हणून ओळखला जाणारा आदेश काढला. १९५४ साली सुधारून काढलेल्या त्या आदेशानुसार, दिसलेली वस्तू परिचित प्रकारची असल्याचे निश्चित झाले असेल तरच तळावरील अधिकाऱ्याने वृत्तपत्रांना त्याविषयी माहिती द्यावी, असे ठरले. ज्या वस्तूची उकल झालेली नाही, तिच्या बाबतीत, प्रकरण तपासाखाली आहे, एवढेच सांगावयाचे. प्रशासनाच्या दृष्टीने हा नियम साधा, किंबहुना शहाणपणाचाच वाटतो. अर्धीकच्ची माहिती बाहेर जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू म्हणता येईल. परंतु त्याचा भाषिक परिणाम विलक्षण झाला. ज्या गोष्टी सांगितल्या जात त्या सर्व उकललेल्या असत. म्हणून जी गोष्ट सांगितली जात नसे, ती उकललेली नसली पाहिजे, किंवा उकललेली असूनही सांगण्याजोगी नसली पाहिजे, असे अनुमान काढण्यास वाचक मोकळा झाला. मौनास अर्थ नव्हता तो या नियमाने प्राप्त करून दिला. 'आम्हांस ठाऊक नाही' हे वाक्य उच्चारण्याची सोयच सरकारी भाषेत उरली नाही.

ही उणीव हेरली ती सागरी सैन्यदलातून निवृत्त झालेल्या मेजर डोनाल्ड कीहो यांनी. 'ट्रू' या मासिकाच्या १९५० च्या जानेवारी अंकात त्यांनी तबकड्या परग्रहावरील असल्याचे प्रतिपादन केले होते. पण लोकांवर अधिक पकड घेतली ती त्यांच्या दुसऱ्या प्रतिपादनाने, म्हणजे हवाई दल हे जाणते व लपविते, या आरोपाने. १९५६ साली स्थापन झालेल्या 'निकॅप' या खासगी मंडळाची सूत्रे पुढील वर्षी त्यांच्या हाती आली आणि सीआयएचे माजी संचालक ॲडमिरल रॉस्को हिलेनकोटर हेही त्या मंडळाच्या नियामकांत सामील झाले. २२ जानेवारी १९५८ रोजी सीबीएस वाहिनीवरील एका कार्यक्रमात कीहो बोलत होते. भाषण आधी तपासून ठरविलेले होते. ते ठरलेला मजकूर सोडून काही निराळे सांगू लागताच त्यांचा आवाज बंद करण्यात आला. पडद्यावर ओठ हलत राहिले, शब्द ऐकू येईनासे झाले. ठरल्या मजकुराबाहेर जाऊ द्यावयाचे नाही हा वाहिनीचा स्वतःचा निर्णय असू शकतो. परंतु लाखो प्रेक्षकांनी जे पाहिले, ते सरकारच्या मौनाचे याहून बोलके चित्र कोणी कल्पिले नसते. कीहो यांचे निष्कर्ष पुराव्याच्या कसोटीस उतरले नाहीत, हे मान्य करूनही, माहिती मागण्याचा नागरिकाचा अधिकार या प्रश्नावर त्यांनी जे बोट ठेवले, ते योग्य जागी पडले होते, असेच म्हणावे लागते.

कारण लपविले तर जातच होते. १९५५ पासून यू-२ हे हेरविमान साठ हजार फुटांहून अधिक उंचीवर उडू लागले. त्या काळची प्रवासी विमाने दहा ते वीस हजार फुटांच्या दरम्यान असत. खाली संध्याकाळ झालेली असताना त्या उंचीवर ऊन असे, आणि यू-२ ची चंदेरी पाठ त्या उन्हात पेटल्यासारखी दिसे. वैमानिक वार्ता कळवीत. ब्लू बुकचे कर्मचारी सीआयएच्या उड्डाणांच्या वेळा पडताळून पाहत आणि खरे कारण उमगले तरी ते सांगता येत नसल्याने हिमकण, हवेचे थर अशी नैसर्गिक कारणे कळवीत. सीआयएचे इतिहासलेखक जेराल्ड हेन्स यांनी १९९७ साली हे प्रसिद्ध केले. त्या काळातील निम्म्याहून अधिक वार्तांचा उलगडा या उड्डाणांनी होतो, हा त्यातील दावा वादग्रस्त आहे व त्याच्या सत्यतेविषयी अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. परंतु जाणूनबुजून असत्य स्पष्टीकरणे दिली गेली, ही कबुली वादग्रस्त नाही.

१९६६ च्या मार्च महिन्यात मिशिगन राज्यात जे घडले, त्यात या धोरणाची किंमत कोणास मोजावी लागली हे स्पष्ट दिसते. डेक्स्टर गावाजवळ एका शेतकरी कुटुंबाने व पोलिसांनी, आणि दुसऱ्या रात्री हिल्सडेल येथील महाविद्यालयाच्या वसतिगृहातून ८७ विद्यार्थिनींनी पाणथळ जागेवर हलणारे दिवे पाहिले. हवाई दलाचे सल्लागार, खगोलशास्त्रज्ञ जे. ॲलन हायनेक यांना तेथे धाडण्यात आले. २५ मार्च रोजी डेट्रॉइट येथे वार्ताहरांच्या प्रचंड गर्दीसमोर त्यांनी निवेदन वाचले. दलदलीत कुजणाऱ्या वनस्पतींतून निघणाऱ्या वायूमुळे असे दिवे दिसणे शक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या उजेडास मराठी लोककथांत भुताची दिवटी म्हणतात, त्याच जातीचे ते स्पष्टीकरण होय, आणि ते अशक्य कोटीतील नव्हते. हायनेक यांनी 'शक्य आहे' असे म्हटले होते. सर्व दर्शनांस हेच कारण आहे, असा दावा त्यांनी केला नव्हता. वार्ताहरांनी 'शक्य' हा शब्द वगळला, 'दलदलीचा वायू' तेवढा उचलला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो देशभर थट्टेचा विषय झाला. थट्टा हायनेक यांची झालीच. पण जे दिसले ते प्रामाणिकपणे पोलिसांना कळविणाऱ्या सामान्य माणसांचीही झाली. पाहिले ते सांगावे, हे नागरिकाचे कर्तव्य त्यांनी केले होते. बदल्यात त्यांच्या पदरी आला तो उपहास.

मिशिगनचे प्रतिनिधी व प्रतिनिधिगृहातील अल्पमत पक्षाचे नेते जेरल्ड फोर्ड यांनी तेव्हा जाहीर चौकशीची मागणी केली. अमेरिकन जनतेस याहून अधिक चांगले स्पष्टीकरण मिळण्याचा अधिकार आहे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. तबकड्या कोठून येतात यावर फोर्ड यांनी मत दिले नव्हते. मिळालेली उत्तरे पुरेशी नाहीत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. एका जबाबदार लोकप्रतिनिधीने या विषयाचा दुसरा प्रश्न पहिल्यापासून वेगळा काढून मांडावा, हे त्या वेळेपर्यंत क्वचितच घडले होते. ५ एप्रिल १९६६ रोजी प्रतिनिधिगृहाच्या सशस्त्र सेना समितीपुढे सुनावणी झाली, आणि तिची परिणती कोलोरॅडो विद्यापीठाकडे स्वतंत्र चौकशी सोपविण्यात झाली. पदार्थवैज्ञानिक एडवर्ड कॉन्डन यांच्याकडे तिची सूत्रे देण्यात आली.

स्वतंत्र चौकशीने तरी संशय फिटावयास हवा होता. परंतु प्रकल्पाचे समन्वयक रॉबर्ट लो यांनी करार होण्यापूर्वीच, १९६६ च्या ऑगस्टात, लिहिलेले एक टिपण कागदपत्रांत सापडले. जनतेस अभ्यास संपूर्ण निःपक्षपाती वाटावा आणि शास्त्रज्ञांना मात्र अविश्वास असूनही निःपक्षपाती राहू पाहणाऱ्या मंडळींचा वाटावा, अशी मांडणी करण्याची युक्ती त्यात सुचविलेली होती. 'युक्ती' या अर्थाचा जो इंग्रजी शब्द लो यांनी वापरला, त्याचा दुसरा अर्थ फसवणूक असाही होतो. लो यांच्या मनात पहिलाच अर्थ असावा. पण १९६८ साली 'लुक' पाक्षिकाने ते टिपण प्रसिद्ध केले, तेव्हा वाचकांनी दुसरा अर्थ घेतला. सुमारे हजार पानांचा अहवाल १९६९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. या विषयाच्या आणखी विस्तृत अभ्यासातून विज्ञानास काही लाभ होईलसे दिसत नाही, हा त्याचा निष्कर्ष राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही मान्य केला. त्या अहवालात लोकमताच्या पाहणीचेही एक प्रकरण आहे, आणि ते फारसे कोणी वाचीत नाही. एखादे सरकारी खाते तबकड्यांच्या वार्तांची अतिगुप्त फाइल ठेवते व ती जनतेपासून हेतुपुरस्सर दडविते, हे विधान खरे की खोटे, असे त्यात विचारले होते. प्रौढांपैकी निम्म्याहून अधिकांनी ते खरे मानले. म्हणजे चौकशीचा निकाल लागण्यापूर्वीच लोकांनी चौकशी करविणाऱ्याचा निकाल लावला होता. १७ डिसेंबर १९६९ रोजी ब्लू बुक बंद झाल्याची घोषणा झाली. नोंदलेल्या १२,६१८ वार्तांपैकी ७०१ वार्तांची ओळख पटली नव्हती.

यानंतरच्या दशकात संशयाचे क्षेत्र फार विस्तारले, आणि त्याचे श्रेय तबकड्यांना देता येत नाही. सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करते, असे मानणारे अमेरिकन १९५८ साली सुमारे तीन चतुर्थांश होते; व्हिएतनाम आणि वॉटरगेट यांच्यानंतर, १९७४ साली, ते ३६ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा अधिक बळकट करण्यात आला व तबकड्यांच्या अभ्यासकांनी त्याचा तत्काळ उपयोग केला. न्यायालयीन दाव्यामुळे १९७८ साली सीआयएला सुमारे नऊशे पाने द्यावी लागली. राष्ट्रीय सुरक्षा संस्थेवरील (एनएसए) दाव्यात मात्र त्या संस्थेने १९८० साली एक गुप्त प्रतिज्ञापत्र केवळ न्यायाधीशांना दाखविले, आणि न्यायाधीशांनी संस्थेच्या बाजूने निकाल दिला. त्या प्रतिज्ञापत्राची प्रत पुढे बाहेर आली, तेव्हा तिच्यातील बहुतेक ओळींवर काळी शाई फासलेली होती. त्याहून मोकळी प्रत उपलब्ध झाल्यावर उलगडा झाला, की लपवावयाचे होते ते परकीय राष्ट्रांचे संदेश चोरून ऐकण्याचे तंत्र. तोवर त्या काळ्या ओळींत लोकांनी आपापल्या कल्पनेने हवे ते वाचलेले होते. १९७६ च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी या विषयावरील माहिती खुली करण्याचे आश्वासन दिले होते. त्यांच्या कारकीर्दीत नासाला चौकशी पुन्हा सुरू करण्याविषयी विचारण्यात आले, पण नासाने नकार दिला.

रॉझवेलची हकिगत येथे मुद्दामच कालक्रम सोडून घेतली आहे, कारण लोकमताच्या दृष्टीने ती १९४७ ची नसून १९८० नंतरची घटना आहे. ८ जुलै १९४७ रोजी न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथील हवाई तळाने, उडती तबकडी हाती लागली आहे, असे प्रसिद्धीस दिले व काही तासांतच, ते हवामानाच्या फुग्याचे अवशेष होते, असा खुलासा फोर्ट वर्थ येथून झाला. लोकांनी तो स्वीकारला आणि सुमारे तीस वर्षे त्याची आठवणही कोणास नव्हती. १९८० साली त्यावर पुस्तक निघाले, ते शासनावरील विश्वास ढासळलेल्या वाचकांच्या हाती पडले. न्यू मेक्सिकोचे प्रतिनिधी स्टीव्हन शिफ यांच्या आग्रहामुळे चौकशी झाली, तेव्हा १९९४ साली हवाई दलाने सांगितले, की ते अवशेष 'मोगल' नावाच्या गुप्त प्रकल्पातील फुग्यांच्या माळेचे होते. रशियाच्या अणुचाचण्यांचा ध्वनी उंच वातावरणात टिपण्यासाठी हे फुगे सोडले जात. पुराव्याच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण भक्कम आहे. परंतु ते देताना १९४७ चा खुलासा अपुरा होता हेही मान्य करावे लागले. परग्रहवासीयांचे मृतदेह पाहिल्याच्या आठवणींची उपपत्ती लावण्यासाठी १९९७ च्या जूनमध्ये दुसरा अहवाल निघाला. हवाई छत्र्यांच्या प्रयोगांत वापरलेल्या मानवाकृती बाहुल्या लोकांनी पाहिल्या असाव्यात, असे त्यात म्हटले होते. त्या बाहुल्या १९५० नंतरच्या दशकातील; मग त्या १९४७ साली कशा दिसल्या, असे वार्ताहरांनी विचारले असता, काळाच्या ओघात निरनिराळ्या आठवणी एकत्र मिसळतात, असे उत्तर मिळाले. मानसशास्त्रदृष्ट्या ते बरोबर असू शकते, पण लोकांना हसू आले. त्याच महिन्यात 'टाइम' व सीएनएन यांच्या पाहणीत ८० टक्के लोकांनी, परग्रहावरील जीवसृष्टीची माहिती सरकार लपवीत आहे, असे मत नोंदविले होते.

मौनाचा हा नियम अपरिहार्य नव्हता, हे फ्रान्सच्या उदाहरणावरून दिसते. तेथील अवकाश-संशोधन संस्थेत १९७७ पासून या वार्तांसाठी स्वतंत्र विभाग आहे. वार्तांचे चार वर्ग केले जातात व त्यांपैकी 'डी' हा वर्ग चौकशीअंतीही न उकललेल्या वार्तांचा असतो. २००७ साली या विभागाने आपले दप्तर सर्वांना पाहण्यासाठी खुले केले. अमेरिकेच्या १९५४ च्या नियमात ज्या वाक्यास जागा नव्हती, त्यास येथे एक अक्षरच दिलेले आहे. ब्रिटननेही २००८ ते २०१३ या काळात आपली कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारातून टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केली. मात्र संरक्षण खात्यातील संबंधित कक्ष २००९ सालीच बंद करून टाकला.

अमेरिकेत हे वाक्य यावयास २०२१ साल उजाडले. २०१७ च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने, २ कोटी २० लक्ष डॉलर खर्चाचा एक अल्पपरिचित चौकशी-प्रकल्प संरक्षण खात्यात चालू होता, असे उघड केले. २०२० च्या एप्रिलमध्ये नौदलाच्या विमानांतून घेतलेली तीन चलच्चित्रे अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. २५ जून २०२१ रोजी राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने केवळ नऊ पानांचे निवेदन काढले. १४४ वार्तांपैकी एकीचीच खात्रीने उकल झाली आहे, तो हवा गेलेला मोठा फुगा होता, बाकीच्यांविषयी पुरेशी माहिती नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. उकल न झालेले प्रकरण सांगावयाचे नाही, या जुन्या दंडकाच्या हे अगदी उलट होते. परिणाम काय झाला? परग्रहावरील यानांवर विश्वास ठेवणाऱ्यांचे २०१९ मधील ३३ टक्के हे प्रमाण गॅलपच्या २०२१ च्या पाहणीत ४१ टक्क्यांवर गेले. प्यू संस्थेच्या त्याच वर्षीच्या पाहणीत ५१ टक्के लोकांनी, सैनिकांनी पाहिलेल्या या वस्तू पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीवांचा निश्चित अथवा संभाव्य पुरावा आहेत, असे म्हटले. 'आम्हांस ठाऊक नाही' हे सरकारचे बोलणे बहुधा खरे होते; पण सत्तर वर्षे जे सरकार ठाऊक नसतानाही ठाऊक असल्याचे भासवीत आले, त्याच्या तोंडचे हे वाक्य अनेकांनी उलट्या अर्थाने घेतले असल्यास तो दोष ऐकणाऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

दरम्यान नाव पुन्हा बदलले होते. 'यूएफओ' या शब्दास चिकटलेला उपहास टाळण्यासाठी 'यूएपी' ही आद्याक्षरे आली. त्यांतील मधले अक्षर प्रथम 'हवाई' या अर्थाचे होते, ते २०२२ च्या डिसेंबरातील कायद्याने 'विसंगत' या अर्थाचे करण्यात आले. 'वस्तू' गेली व 'घटना' आली. 'उडणे' गेले, कारण समुद्रातील दर्शनेही आता जमेस धरावयाची होती. 'ओळख न पटलेली' हा भाग मात्र राहिला, आणि कोणास न पटलेली हे अजूनही त्यात सांगितलेले नाही. २६ जुलै २०२३ रोजी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे गुप्तवार्ता खात्यातील माजी अधिकारी डेव्हिड ग्रुश यांनी, सरकारजवळ मानवेतर मूळ असलेल्या यानांचे अवशेष आहेत, असे शपथेवर सांगितले. त्यांनी ते स्वतः पाहिलेले नव्हते. इतरांकडून ऐकले होते. संरक्षण खात्याच्या नव्या चौकशी-कार्यालयाने २०२४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक अहवालात, अशा दाव्यास कोणताही पुरावा आढळला नाही, जुन्या वार्तांपैकी काहींच्या मुळाशी खरीखुरी गुप्त विमाने व उपकरणे होती, असे नमूद केले.

सिनेटर चक शूमर व माइक राउंड्स यांनी २०२३ साली मांडलेल्या दुरुस्तीत, केनेडी-हत्येच्या कागदपत्रांसाठी १९९२ साली केलेल्या कायद्याच्या धर्तीवर, स्वतंत्र नागरिकांचे एक मंडळ नेमून कोणते कागद खुले करावयाचे ते त्याने ठरवावे, अशी तरतूद होती. कायदा संमत होताना ते मंडळ वगळण्यात आले. उरले ते एवढेच, की सर्व खात्यांनी या विषयावरील आपले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावेत. तेथे त्यांस ६१५ हा संग्रह-क्रमांक देण्यात आला आहे. तयार झाल्यापासून पंचवीस वर्षांच्या आत प्रत्येक कागद पूर्णपणे खुला व्हावा, असा कायद्याचा दंडक आहे. अपवाद करावयाचा तर तसे राष्ट्राध्यक्षांनी प्रमाणित करावे लागते. कोणता कागद या विषयाचा आहे व कोणता नाही, हे मात्र ज्या खात्याजवळ तो कागद आहे, त्यानेच प्रथम ठरवावयाचे आहे.